गल्लीचा कान आणि खासगी खिडकी

पुंडलिकनगरातल्या सात नंबरच्या गल्लीत पाणी आलं की नाही हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो माणूस म्हणजे बद्रीनाथ. हा अधिकार त्याला कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता. त्याचं घर गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यात उतारावर. पाणी सुटलं की आधी पाइपातली हवा त्याच्या अंगणातल्या नळातून फुसफुसत बाहेर पडायची आणि पाच-सात मिनिटांनी धार लागायची. ती फुसफुस कानावर आली की बद्रीनाथ पितळी थाळीवर पळी हाणायचा आणि चौदा घरांतल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. एरवी पाणी आठ दिवसांनी यायचं. त्या साली जायकवाडीनं तळ दाखवल्यापासून ते दहा दिवसांनी येऊ लागलं होतं, आणि येण्याची वेळ पहाटे पाचपासून दुपारी चारपर्यंत कधीही. राहायचं मात्र तासभरच. म्हणून सगळे बद्रीनाथला 'गल्लीचा कान' म्हणत, आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करी.

अलीकडे मात्र तो बऱ्याच गोष्टी खरोखरच न ऐकल्यासारख्या करू लागला होता. चोवीस वर्षं त्यानं चितेगावच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनपाशी काढली होती. कारखान्यानं कानात घालायला रबरी बुचं दिली होती. ती त्यानं चोवीस वर्षं खिशात नीट सांभाळून ठेवली, कारण बुचं घातली की चहाची घंटा ऐकू येत नसे. त्याचं व्याज आता वसूल होत होतं. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल गेली, आणि चैत्रातल्या एका सकाळी तो नळाकडे पाठ करून स्टुलावर पेपर वाचत बसलेला असताना पाणी आलं, तासभर राहिलं आणि निघून गेलं. थाळी वाजलीच नाही.

सगळ्या गल्लीला टँकर बोलवावा लागला. शेजारच्या सारजाबाईंच्या टाकीत ते पाणी पडलं तेव्हा हिरवं दिसत होतं. बद्रीनाथनं खुलासा केला की पैठण रस्त्याला नव्या जलवाहिनीचे जे प्रचंड पाइप टाकताहेत त्या खोदकामामुळे हवेची दिशा बदलली आहे. खुलासा तांत्रिक होता, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्या दिवशी बद्रीनाथला जेवण गेलं नाही. गल्लीचा कानच बसला, हे गल्लीला कळलं तर थाळी दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. आणि कळू दिलं नाही तर पुढचं पाणी जाणार. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी तो कारखान्यात रजा टाकून तोटीवर बोट ठेवून बसू लागला. हवा आली की तोटी थरथरते, ते बोटाला कळतं, असा त्याचा हिशेब होता. कुणी विचारलंच तर तोटी गळतेय म्हणून सांगायचं.

बोटावर किती दिवस काढायचे? शेवटी त्यानं मोबाइलला शरण जायचं ठरवलं. मोबाइल मुलीचा, अक्षदाचा, जुना. ती कॉलेजात शिकत होती आणि नवा फोन घेताना तिनं जुना बापाला दिला होता, आपल्याच खात्यासकट. बद्रीनाथला मराठी टाइप करता येत नव्हतं, पण माइकचं चित्र दाबून बोललं की फोन आपोआप लिहितो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मोरीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, कानानं कमी ऐकायला येतंय, उपाय काय. पडद्यावर उत्तर उमटलं: ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं कारखान्यातला आवाज काढला तेव्हा कुठं फोनला समजलं. या फोनलाही कमी ऐकू येतं, असा बद्रीनाथचा समज झाला आणि त्याला त्या फोनबद्दल थोडी आपुलकी वाटली. तेव्हापासून तो फोनशी मोठ्यानंच बोलायचा. आपला नेहमीचा आवाजही साल-दोन सालात बराच चढलाय, याची त्याला कल्पना नव्हती. ती त्याला कोण देणार, आणि दिली तरी ऐकणार कोण?

दोन दिवसांत फोनवर कानाच्या मशीनच्या जाहिराती यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या अक्षदाच्या लॅपटॉपवर आल्या. कानाच्या मशीनमागून मोठ्या बटणांचा फोन आला, त्यामागून चार पायांची काठी आली. खातं एकच असल्यानं घरातल्या एकाला जे झालं ते सगळ्यांना झालंय असं त्या जाहिरातींनी धरून चाललं होतं. अक्षदानं जेवताना सहज विचारलं की पप्पा, कानाच्या मशीनचं कुणी बघितलं का. बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं की तुझ्या सांडूमामासाठी बघत होतो, त्याला हल्ली जरा कमी ऐकू येतं.

सांडू म्हणजे बद्रीनाथच्या बायकोचा, सुरेखाचा धाकटा भाऊ. फर्दापूरला त्याचं जेवणाचं हॉटेल होतं. सुरेखानं त्याच रात्री फोन करून भावाची विचारपूस केली, भावजयीला काळजी घ्यायला सांगितलं, भावजयीनं ते आपल्या माहेरी सांगितलं. चौथ्या दिवशी सांडू स्वतः बसनं आला. फर्दापूरच्या बाजारात लोक त्याच्याशी हातवारे करून बोलायला लागले होते आणि ही आवई कुणी उठवली एवढंच त्याला विचारायचं होतं. बद्रीनाथनं त्याला पानसुपारी दिली, आंबे दिले, आणि ही सगळी इंटरनेटची करामत आहे, ते लोकांबद्दल काहीही पसरवतं, असं सांगून बसमध्ये बसवून दिलं. हे बोलताना त्याचं त्यालाच पटत गेलं. घरी येईपर्यंत त्याची खात्री झाली होती की फोन आपली गुपितं फोडतोय, आणि आता आधी त्याचा बंदोबस्त करायला पाहिजे.

समोरच्या घरातले नानासाहेब टेलिफोनच्या तारा जोडण्यात उभी हयात घालवून निवृत्त झाले होते. फोन या शब्दाशी संबंध असलेल्या कुठल्याही विषयात त्यांचा शब्द गल्लीत अखेरचा असे. बद्रीनाथनं त्यांना एका मित्राची अडचण म्हणून सगळं सांगितलं. नानासाहेबांनी मित्राचं नाव विचारलं नाही. ते बद्रीनाथच्या अगदी समोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून बोलले.

"बद्रीभाऊ, मोबाइलमंदी एक खासगी खिडकी असती. काळ्या रंगाची. तिच्यातून शोधलं की मोबाइलला मागचं काय बी आठवत नाय. घरात कुणाला कळायचं नाय, बायकोला बी नाय."

त्यांनी ती खिडकी उघडून दाखवली. वर टोपी आणि चष्मा घातलेल्या माणसाचं चित्र होतं. ते पाहून बद्रीनाथला फार धीर आला. एवढा वेष पालटून बसलेला माणूस आपलं गुपित फोडणार नाही.

आता प्रश्न जागेचा होता. मोरीत नेट नीट लागत नव्हतं आणि घरात दोन बायका होत्या. त्यानं बराच विचार करून गच्ची निवडली. गच्ची चारी बाजूंनी उघडी, भिंतीला कान असायला मुळात भिंतच नाही. रोज संध्याकाळी सात वाजता तो वर जायचा, काळी खिडकी उघडायचा, आजूबाजूच्या गच्च्यांवर वाऱ्याला बसलेल्या लोकांकडे पाठ करायचा आणि मशीनवरच्या आवाजात विचारायचा: डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, उजव्यानं थोडं येतं, मशीन कुठलं घ्यावं. मग: कानात मशीन घातलेलं लोकांना दिसतं का. मग: बायकोला न कळता कानाचा डॉक्टर, संभाजीनगर. तीन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं त्या वेळी भुंकायचं थांबायचं, असं लोक पुढे सांगत. झालं की तो खिडकी बंद करायचा, दोनदा खात्री करायचा आणि समाधानानं खाली जेवायला यायचा.

आठवडाभरात चमत्कार दिसू लागले. सारजाबाईंनी लसूण घालून उकळलेलं तेल वाटीभर पाठवलं, सहज केलं होतं म्हणून. दूधवाला आजवर रस्त्यावरून हाक मारायचा, तो फाटक उघडून आत येऊन तोंडासमोर उभा राहायला लागला. किराणा दुकानदारानं त्याच्या कोण्या चुलत्याची गोष्ट सांगितली, ज्यानं मशीन लावलं आणि वीस वर्षांनी तरुण झाला. बद्रीनाथ हादरला. एवढी गुप्तता पाळूनही बातमी बाहेर जातेय म्हणजे खासगी खिडकीला कुठंतरी फट आहे.

त्यानं उपाय कडक केले. फोनच्या कॅमेऱ्यावर सुरेखाच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी टिकली चिकटवली. आपण कुठं आहोत हे कळायला नको म्हणून ती सोय बंद केली, तर कारखान्याच्या बसचा ठावठिकाणा दिसेना आणि दोन दिवस बस चुकली. मग अक्षदाच्या खात्यातून सुटायला त्यानं स्वतःचं नवं खातं काढायला घेतलं. खात्याला मोबाइल नंबर मागितला. गुप्त कामाला आपलाच नंबर देण्याएवढा तो भोळा राहिला नव्हता. त्यानं नानासाहेबांचा दिला. मिनिटभरानं नानासाहेब आपल्या गच्चीच्या कठड्याशी आले. हातातल्या फोनवर सहा आकड्यांचा कोड होता आणि खाली, हा कोड कुणालाही सांगू नका, अशी ताकीद होती. ती ताकीद आणि कोड दोन्ही त्यांनी तीन वेळा ओरडून सांगितले. चौथ्या वेळी सारजाबाईंनी त्यांच्या गच्चीवरून बोटांनी आकडे करून दाखवले, तेव्हा ते बद्रीनाथला नीट समजले. खातं उघडलं.

पण फट काही सापडेना. शेवटी बद्रीनाथनं रीतसर तक्रार करायचं ठरवलं. क्रांती चौकाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर 'ग्राहक माहिती गोपनीयता मदत कक्ष' नावाची पाटी त्यानं कधीतरी वाचली होती. रजा टाकून तो तिथं गेला. अर्जाचा नमुना चार पानी होता. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: उघड झालेल्या गुप्त बाबीचे स्वरूप, सविस्तर. सातव्या रकान्यात होतं: सदर बाब गुप्त असल्याचे माहीत असलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि शेवटी, अर्ज तीन प्रतींत, टाइप करून.

बद्रीनाथनं रकाना तीन पुन्हा पुन्हा वाचला. गुपित कुणाला कळू नये म्हणून जी तक्रार, तिच्यात ते सविस्तर लिहायचं, टायपिस्टला सांगायचं, झेरॉक्सवाल्याला दाखवायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि मग ते गुप्त होतं असं शाबीत करायचं. तरी त्यानं धीर केला. तिसऱ्या रकान्यात 'शरीराच्या वरच्या भागाबाबत' एवढंच लिहिलं. साक्षीदार म्हणून नानासाहेबांची सही घेतली. कागदावर हात आडवा धरून घेतली, मजकूर दिसू नये म्हणून. नानासाहेबांनी सही केली आणि खाली स्वतःहून सारजाबाईंचीही आणून दिली.

मदत कक्षात अर्ज तपासायला सुकेशनी नावाच्या बाई होत्या, तिशीच्या आसपासच्या, शांत. त्यांनी अर्ज वाचला, शरीराच्या वरच्या भागाशी थोडं थांबल्या आणि काहीतरी विचारलं. बद्रीनाथ हसून हो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला. मग त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवून खुणेनं सांगितलं की तुम्ही शोधता कसं, ते करून दाखवा.

हे सोपं होतं. बद्रीनाथनं खुर्ची वळवली, भिंतीकडे तोंड केलं, काळी खिडकी उघडली, माइक दाबला आणि विचारलं, गल्लीला न कळता बहिरेपणावर उपाय.

मागं वळून पाहिलं तर दोन्ही मजल्यांवरची कामं थांबलेली होती. जिन्यात माणसं उभी होती. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले असं त्याला वाटलं, पण ते बहुधा चष्म्याचं काम असावं. सुकेशनीबाईंनी एक कोरी चिठ्ठी ओढली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याच्यापुढं सरकवली.

"काका, मोबाइलनं तुमच्या गल्लीला काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगताय. तुमचा आवाज लई मोठा आहे."

बद्रीनाथनं चिठ्ठी वाचली. गच्ची, वाऱ्याला बसलेली माणसं, लसणाचं तेल, तोंडासमोर उभा राहणारा दूधवाला, सगळं एका ओळीत त्याच्यापुढून गेलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला मनापासून वाटलं, पण मजला दुसरा होता.

सुकेशनीबाईंनी त्याला उठू दिलं नाही. पाणी मागवलं. मग त्यांनी चिठ्ठ्या लिहून लिहून त्याला समजावलं की खासगी खिडकी म्हणजे फक्त एवढंच, की या मोबाइलच्या आठवणीत काही राहत नाही. पलीकडच्या वेबसाइटला जे दिसायचं ते दिसतंच. जाहिराती आल्या त्या अक्षदाच्या खात्यामुळे. त्यांनी ते खातं काढायला अक्षदाला फोन लावू का म्हणून विचारलं आणि त्यानं मान हलवल्यावरच लावला. त्या खात्यात पहिल्या दिवसांतले त्याच्या आवाजाचे अकरा तुकडे साठवलेले निघाले. ते वाजवून न बघता त्यांनी त्याच्याच हातानं एकेक पुसायला लावले. जाहिरातींनी माग काढायची सोय बंद करून दिली. चार पानी अर्ज त्यांनी फाडला आणि तुकडे त्याच्याच पिशवीत घातले, म्हणजे तेही बाहेर जायला नकोत. त्या परक्या बाईनं एवढं जपलं, यानं बद्रीनाथला भरून आलं.

घरी आला तेव्हा सुरेखा ज्वारी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलायचा प्रयत्न केला.

"तुला कधीपासून ठाऊक हाय?"

सुरेखानं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "तुम्हाला कळायच्या आधीपासून."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही लपवताय म्हणल्यावर मी कशी बोलू? तुमची गोष्ट हाय ती. तुम्ही सांगाल तवा ऐकायची."

दुसऱ्याच आठवड्यात तिघं मिळून कानाच्या डॉक्टरांकडे गेली. मशीन लागलं. पहिल्या दिवशी बद्रीनाथला कळलं की त्याची चप्पल करकरते, पंखा रडतो, अक्षदा भांडी घासताना गाते आणि बरं गाते. सुरेखा स्वयंपाकघरात सतत काहीतरी पुटपुटत असते आणि त्यातलं बरंचसं त्याच्याबद्दल असतं, हेही कळलं. दोन वर्षं त्याला वाटत होतं की आता संसारात शांतता आलीय. तरी तो दारात उभा राहून ते ऐकत राहिला.

मग पाण्याचा दिवस आला. बद्रीनाथ पहाटे साडेपाचला स्टुलावर बसला, पण या वेळी तोटीवर बोट ठेवलं नाही. हात मांडीवर, थाळी मांडीवर. उजाडत होतं. आत सुरेखा चहाचं आधण ठेवत होती. आणि सहाला काही मिनिटं असताना नळानं श्वास घेतला. फुस्स. मग जरा थांबून पुन्हा. बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्या माणसाचा आवाज यावा तसं त्याला झालं. डोळे पुसायच्या आधी त्यानं थाळी वाजवली.

गल्लीत एकही दार उघडलं नाही.

त्यानं पुन्हा वाजवली, जोरात. एकही मोटार सुरू झाली नाही. समोर नानासाहेब खिडकीत आले, त्यांनी थाळीकडे बघितलं, मग हातातल्या मोबाइलकडे, आणि मागं वळून घरात म्हणाले ते बद्रीनाथला पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं.

"थांबा जरा. सुरेखावहिनींचा मेसेज नाय आला अजून."

मग त्याला उलगडा झाला. गल्लीचा पाण्याचा ग्रुप होता. तो त्यात नव्हता. मी असताना पाण्याला मेसेज कशाला, असं त्यानंच ऐटीत सांगितलं होतं. चैत्रातल्या त्या सकाळपासून सुरेखा आतून कान देऊन बसत होती. फुसफुस आली की ग्रुपवर मेसेज टाकायची, मग कळशी घेऊन बाहेर यायची आणि नळाखाली ठेवायची. कळशी आली की बद्रीनाथचं लक्ष तोटीकडे जायचं, बोटाला थरथर कळायची आणि तो थाळी वाजवायचा. चौदा घरं मोटारीच्या बटणावर हात ठेवून थाळीची वाट बघत बसायची. थाळी वाजल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं ठरलेलं होतं. एवढ्या दुष्काळात गल्लीनं त्याच्यासाठी दरवेळी दोन-तीन मिनिटांचं पाणी सोडून दिलं होतं. त्याची गोष्ट चौदा घरांना ठाऊक होती आणि चौदा घरांनी ती त्याच्यापासून जपून ठेवली होती.

क्षणभर त्याला राग आला. तो कुणावर काढावा हे सुचेना, म्हणून ओसरला. राहिलं ते निराळंच होतं.

सुरेखा पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं नळाला कान लावला, नवऱ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला कानाची गरज नव्हती. आज तिच्या आधी त्यानं ऐकलं होतं. तिनं आपला मोबाइल ग्रुप उघडून त्याच्या हातात दिला.

"आता तुम्हीच टाका."

बद्रीनाथनं माइकचं चित्र दाबलं. चितेगावचा आवाज घशापर्यंत आला होता, तो त्यानं गिळला. समोर नानासाहेब खिडकीत होते, सारजाबाई गच्चीवर आल्या होत्या. सगळी गल्ली ऐकत होती आणि आता त्याला ते ठाऊक होतं. तो मोबाइलजवळ तोंड नेऊन अगदी हळू, खासगीत म्हणाला, "पाणी आलं."

पडद्यावर उत्तर उमटलं: ऐकू आलं नाही, पुन्हा बोला.

सुरेखा हसायला लागली. नळाखालच्या कळशीत पहिली धार पडली आणि तिच्या त्या हसण्याचा आवाज बद्रीनाथला त्या धारेच्या वरून स्पष्ट ऐकू आला.

"अहो," ती म्हणाली, "आता जरा मोठ्यानं बोला."